फियाटचं सीमोल्लंघन

बॉनेट वर करून काठीचा टेकू दिला आणि कशालाही हात लावायच्या आधी मी मोजणी केली.

चिमणीचं रिकामं घरटं, एक. काजूच्या बिया सात, त्यातल्या पाच उंदरानं पोखरलेल्या. वाळून दगड झालेला उंडा – म्हणजे आमचा गोल पाव – अर्धा. बाबांचा दहा नंबरचा पाना, एक; हा हरवल्यापासून आमचं सगळं घर रामचंद्र मेस्त्रीकडे संशयानं बघत होतं. पाल, एक, जिवंत. तिनं माझ्याकडे बघितलं आणि ती निघून गेली. आणि या सगळ्यावर, नळ्यांवर, तारांवर, बॅटरीवर, पंख्याच्या पात्यांवर, शिरगावच्या खाणीची लाल धूळ. रेडिएटरच्या काठावर पट्टी लावून बघितली. चार मिलिमीटर.

मी रसायनशास्त्राची पदवीधर आहे. मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. आई म्हणते, हे चेडूं आपल्या लग्नात अक्षतासुद्धा मोजील.

गाडी म्हणजे आमची क्रीम रंगाची फियाट. बाबा शिरगावच्या एका खाणीच्या कचेरीत होते. धारगळ ते शिरगाव, खनिजाच्या ट्रकांच्या मागून, वर्षानुवर्षं. ट्रकांनी जेवढी माती बंदरावर नेली, तेवढीच बाबांनी घरी आणली, असं आईचं मत. बाबा निवृत्त झाले तशी गाडीही मांगरात, म्हणजे परसातल्या खोपटात, जाऊन बसली, आणि आता बाबांनी ती विकायला काढली होती.

मला मात्र ती हवी होती. डिचोलीला खनिज तपासण्याच्या प्रयोगशाळेत मला काम मिळालं होतं. सकाळी सातला हजर व्हायचं, आणि धारगळहून सातच्या आत डिचोलीला पोचवणारी बस नाही. गाडी नसली तर डिचोलीला चंद्रावती मावशीकडे राहायचं. आणि मावशीकडे राहायचं म्हणजे दर रविवारी पोह्यांची ताटली घेऊन कुणातरी चिरंजीवांसमोर बसायचं.

“बाबा, मी ती दुरुस्त करते,” मी म्हटलं.

बाबांनी खूप वेळ सुपारी कातरली. मग म्हणाले, “दसऱ्याक सीमेवर वचून दाखय. पत्रादेवी हुंपून आपल्या चाकांनी परत आयली, तर गाडी तुजी. ना तर विकली.”

आमच्या घरची ती रीतच आहे. दसऱ्याच्या सकाळी कोयता, पारई, आईची नारळ खवायची आडोळी आणि गाडी यांची पूजा. मग गाडीनं पत्रादेवीला जायचं, गोव्याची सीमा ओलांडायची, पलीकडे महाराष्ट्रात उतरून आपट्याची फांदी तोडायची आणि परत यायचं. शेवटच्या दोन दसऱ्यांना गाडी मालप्याच्या चढणीवरच वाफ सोडून थांबली होती. एकदा आम्ही सोनं दुसऱ्याच्या ट्रकातून आणलं. दुसऱ्यांदा आणलंच नाही.

म्हणून त्या रविवारी मी बाबांचा जुना शर्ट घातला, डोक्याला फडकं बांधलं आणि कमरेपर्यंत इंजिनात वाकले. तेवढ्यात मागून आवाज आला.

“ओ दादा! गाडी विकायची आहे म्हणे. मालक कुठायत?”

“मालक घरात आहेत,” मी वाकूनच म्हटलं. “आणि मी दादा नाही.”

मी वळले. समोर एक उंच, उन्हानं रापलेला मुलगा उभा होता. बुटांवर चिखल, काखेत पिवळा रेनकोट. माझ्या लाल तोंडाकडे बघून त्याचा स्वतःचा चेहराही हळूहळू त्याच रंगाचा झाला.

“अरे! काय राव... म्हणजे, सॉरी. माफ करा, ताई.”

“ताई पण नाही.”

“मग काय म्हणू?”

“सुविधा.”

“अच्छा! म्हणजे गाडीला सुविधा आहे.”

हा विनोद मी बालवाडीपासून ऐकत आले आहे. एवढी एकच गोष्ट मी मोजायची सोडून दिली आहे.

त्याचं नाव शंभू. गाव गारगोटी, कोल्हापूरकडचं. नवीन रेल्वेचं जे काम पेडण्याकडे चाललं होतं, तिथे तो कनिष्ठ अभियंता होता. “साइट मालप्याला, खोली पेडण्यात, आणि जेवण... जेवणाचं विचारू नका राव. एक गाडी असली म्हणजे कुठंतरी जाऊन जेवता तरी येईल.”

मी ठरवलं, याला घालवायचा.

“गाडी चालू होत नाही,” मी म्हटलं.

“बरं.”

“चढणीवर तापते.”

“मीसुद्धा.”

“आत पाल होती.”

“होती? म्हणजे आता नाही?”

“आत्ताच गेली.”

“मग एक दोष कमी झाला की.” तो पुढे येऊन बॉनेटखाली डोकावला. “एक विचारू? विकायचीच आहे तर एवढं घासताय कशाला?”

“विकली जाऊ नये म्हणून.”

मग मी त्याला सगळं सांगितलं – डिचोली, सातची वेळ, मावशी, पोहे, पत्रादेवी. का सांगितलं, कोण जाणे. तो ऐकत होता. नुसता ऐकत होता, मध्ये एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर घड्याळ काढून खिशात टाकलं आणि बाह्या दुमडल्या.

“मी चुकीच्या बाजूनं आलो म्हणायचं.”

“कुठली बाजू?”

“गिऱ्हाइकाची. तुमच्या बाजूला यायला काय लागतं?”

मी त्याच्या हातात बाबांचा दाढीचा जुना ब्रश दिला.

पहिल्यांदा बॅटरीची तार सोडली. तिच्या टोकांवर निळसर पांढरा थर चढला होता. मी कपात खायचा सोडा कालवून चमच्यानं वर सोडला, तसं ते फसफसून उठलं. शंभू गुडघ्यांवर हात ठेवून खाली वाकला.

“सोडावॉटर!”

“आम्ल आहे ते. सोड्यानं मरतं.”

“तुमच्या मावशीला पण थोडा घालायचा का?”

मला हसू आलं. आणि हसताना तोंडातली लाल धूळ घशात गेली, त्यामुळे ते हसणं आहे की खोकला, हे त्याला कळलं नाही. बरंच झालं...

सुकी धूळ ब्रशनं झाडली. तेलकट थरावर घासलेट लावून तो मऊ व्हायला ठेवला. आता पाणी. पण पाण्याआधी डिस्ट्रिब्युटर झाकायला हवा. इंजिनाच्या चार सिलिंडरांपैकी कुणाला कधी ठिणगी द्यायची, हे ठरवणारी ती काळी टोपी. तिच्यात पाणी शिरलं की ठिणगी वाट चुकते आणि गाडी मुकी होते. मी प्लास्टिकची पिशवी आणायला घरात गेले. पिशवी घेऊन सोप्यावर आले, तर शंभूनं पाण्यानं भरलेली बाल्दी खांद्याच्या वर उचललेली.

“राव!” मी ओरडले. “राव, राव!”

त्यानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. छान हसला. होकारार्थी मान हलवली. आणि पूर्ण बाल्दी इंजिनावर ओतली.

मी पिशवी हातात धरून तशीच उभी राहिले. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवरून पाण्याची धार मुकाट्यानं खाली येत होती.

“का ओतलंत?”

“तुम्हीच म्हणालात की!”

“मी? मी म्हटलं राव!”

“हां, तेच. राव, राव! म्हटलं, एवढ्या उत्साहानं सांगतायत तर सगळीच ओतावी.”

“राव म्हणजे थांब!”

“थांब?” तो रिकाम्या बाल्दीकडे बघत राहिला. “आमच्याकडे राव म्हणजे... राव. काय राव, चला राव, ओता राव.”

दारात बाबा उभे होते. हसून हसून त्यांचा चष्मा नाकावरून घसरला होता. “बाब, आता गाडी विकत घेशीत तरी बैल जोडून व्हरची पडटली!” व्हरची म्हणजे न्यायची.

शंभूचा चेहरा पडला. इतका की मलाच त्याची दया आली. “वाळेल,” मी म्हटलं. “टोपी काढून पुसायची, स्पिरिट फिरवायचं. वाळेल.”

“खरंच?”

“बहुतेक.”

तो जायला निघाला. बांधापर्यंत गेला आणि परत वळला. “एक शंका आहे. थांब म्हणजे राव. आणि थांबा म्हणायचं असेल तर?”

“रावात.”

“म्हणजे पहिल्याच दिवशी तुम्ही मला एकेरीवर आणलंत.”

“घाईत होते मी!” मी म्हटलं. “नाहीतर राव आम्ही फक्त आपल्या माणसाला म्हणतो.”

तो हसला आणि गेला. मी टोपी पुसायला घेतली. एकच टोपी, पण बराच वेळ पुसत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आला तो खाजं घेऊन – जत्रेत मिळतं ते गूळ-आल्याचं. “माफीचं,” म्हणाला. तिसऱ्या दिवशीही आला. नवरात्र सुरू झालं, तरी तो कामावरून सुटला की धारगळला उतरायचा. दिवेलागणीपर्यंत तासभर आम्ही इंजिनावर असायचो. रेडिएटरच्या जाळीचं काम त्यानं स्वतःकडे घेतलं होतं. जुना टूथब्रश घेऊन एकेक पात तो असा घासायचा, की जणू रेडिएटरचं उद्या लग्न आहे.

“हळू,” मी म्हणायची. “वाकतील.”

“डोंगर फोडायचं काम करतो मी दिवसभर. संध्याकाळी तरी काहीतरी नाजूक करू द्या.”

आई चहा घेऊन यायची. “शंभूबाब, च्या घे. आनी बाल्दीसून पयस बस.”

“पयस म्हणजे?” तो मला विचारायचा.

“लांब.”

“आणि जवळ?”

“लागीं.”

“लागीं,” तो म्हणायचा, आणि चहाचा कप घेऊन थोडासा लागीं सरकायचा. आई घरात जाताना पदर तोंडाला लावायची.

घासलेटनं काळा थर सुटला तसा त्याखालून इंजिनाचा खरा धातू दिसायला लागला. रबराच्या नळ्यांवर मी ग्लिसरीन फिरवलं. त्या जांभळासारख्या चमकल्या. पण गाडी मात्र चालू होईना. टोपी वाळली होती, बॅटरी भरलेली होती, चावी फिरवली की इंजिन दोनदा कण्हायचं आणि गप्प. सप्तमीला मी चारही स्पार्क प्लग काढले आणि सोप्याच्या पायरीवर ओळीनं मांडले.

“ह्यांचं काय चुकलं?” शंभूनं विचारलं.

“हे बघा. ह्या दोन टोकांमध्ये एक फट असते. ठिणगी या टोकावरून त्या टोकावर उडी मारते. फट फार मोठी असली तर उडी पोचत नाही. फार लहान असली तर ठिणगी एवढीशी, पेट्रोल पेटतच नाही.”

“म्हणजे फार पयस नको, फार लागीं नको.”

“बरोबर.”

“मग किती?”

“शून्य पूर्णांक सहा दशांश मिलिमीटर.” मी फटीत मोजपट्टीचं पातळ पान सरकवून दाखवलं. ते सैल हललं. “ही बघा, जवळजवळ दुप्पट झाली आहे. झिजून झिजून.”

त्यानं प्लग उतरत्या उन्हात धरला, एक डोळा मिटला, आणि फटीतून माझ्याकडे बघितलं.

“आणि आत्ता आपल्यात किती आहे?”

मी अंदाज घेतला. “दीड मीटर.”

“फार पयस.”

“इंजिन थंड आहे सध्या,” मी म्हटलं. “चालेल.”

पण कान गरम झाले होते माझे. शास्त्रीय कारण मला माहीत आहे. ते इथे देत नाही.

चारही प्लग बसवून होतात न होतात तोच आभाळ गडगडलं. नवरात्रातला पाऊस आमच्याकडे असाच येतो. आधी एक थंड वारा, मग भाताच्या शेतावर मोठा आवाज, आणि तोपर्यंत तो अंगणात असतो. उजेडासाठी आम्ही गाडी मांगराबाहेर ढकलली होती. एअर फिल्टर काढलेला, कार्ब्युरेटरचं तोंड उघडं, बॉनेट वर. ढकलायला वेळ नव्हता.

शंभूनं पिवळा रेनकोट उचलला आणि इंजिनावर पसरला. “धरा, धरा!”

मी एका बाजूची दोन टोकं धरली, त्यानं दुसऱ्या बाजूची. मध्ये इंजिन. पाऊस बॉनेटवर आपटत होता, रेनकोटवर तडतडत होता, आमच्या डोक्यांवर पडत होता. तो भिजला, मी भिजले. इंजिन कोरडं होतं. त्याच्या नाकाच्या शेंड्यावर एक थेंब जमायचा, लोंबायचा आणि पडायचा... पुन्हा जमायचा. दोन्ही हात गुंतलेले, पुसणार कोण?

“सुविधा.”

“हं?”

“मला रत्नागिरीला बोलावलंय. वरची जागा आहे. साहेब म्हणतात, दसऱ्याला निघ आणि हजर हो. नाहीतर इथेच थांबायचं असेल तर तसं आत्ताच सांग.”

पावसाचा आवाज एकदम मोठा वाटला.

“मग?” मी विचारलं.

“थांबायला काहीतरी कारण पाहिजे ना राव.”

“आणि आहे?”

“मला एकट्याला कसं ठरवता येईल?” तो रेनकोटवरून माझ्याकडे बघत होता. “फट दोन टोकांमध्ये असते.”

मला उत्तर माहीत होतं. परीक्षेत कधी कधी असं होतं – उत्तर येत असतं आणि हात उचलत नाही.

“रेनकोट नीट धरा,” मी म्हटलं. “डिस्ट्रिब्युटरवर थेंब पडतोय.”

पडत नव्हता.

पाऊस गेला. आम्ही फिल्टर बसवला, तार जोडली. मी आत बसले, चावी फिरवली. इंजिन एकदा कण्हलं, दोनदा कण्हलं, आणि मग... मग ते बोललं. आधी अडखळत, मग सलग, मग असं गुणगुणत, की आई हातात उलथनं घेऊन धावत बाहेर आली, बाबा मागून, आणि बाबांनी आपला पंचा हवेत फेकला. शंभू चिखलात उभा राहून दोन्ही हात वर करून ओरडत होता, “काय राव! काय राव!”

त्या दिवशी आमच्याकडे ‘राव’चा तोच अर्थ होता.

दसऱ्याच्या सकाळी गाडी ओट्यासमोर उभी होती. मी बॉनेट उघडंच ठेवलं होतं. एवढं घासलेलं इंजिन देवाला तरी दिसायला नको का? बाबांनी इंजिनालाच हळदकुंकू वाहिलं. झेंडूला आमच्याकडे रोजां म्हणतात. आईनं रोजांची माळ नंबरपाटीवर बांधली. एवढ्यात शंभू आला. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला मोठी बॅग.

“रत्नागिरीची एस. टी. पत्रादेवीच्या पुढे मिळते,” तो बाबांना म्हणाला. माझ्याकडे बघितलं नाही. “सोडाल का तिथपर्यंत?”

“सोडतलें,” बाबा म्हणाले. “पूण हांव येयना. दोन वर्सां हांव बसलों आनी ती मालप्याक थांबली. माजोच पायगूण.” त्यांनी कचेरीतल्या सवयीनं वाकून किलोमीटरच्या काट्यावरचा आकडा वाचला. “सुविधा, तूं व्हर. आनी परत हाड.”

“आनी चढणीर बंद पडली जाल्यार?” आईनं विचारलं.

“शंभूबाब धुकलतलो.”

आईनं सीमेवर फोडायला नारळ माझ्या हातात दिला. मग शंभूच्या बॅगेकडे बघितलं, मग माझ्याकडे.

हमरस्त्याला सगळे ट्रक माळा घालून धावत होते. मी गाडी चालवत होते, शंभू शेजारी, बॅग मागच्या सीटवर. पेडण्याचा फाटा मागे गेला आणि मालप्याची चढण समोर उभी राहिली.

“काटा बघा,” मी म्हटलं. “उष्णतेचा. मला रस्त्यावरून नजर काढता येत नाही.”

“मध्यावर.”

मी गिअर उतरवला. इंजिनाचा आवाज जड झाला. गेल्या वर्षी जिथे वाफ निघाली होती तो आंबा आला.

“मध्यावर.”

समोर खनिजाचा ट्रक. त्याच्या मागून रांगत. लाल धूळ काचेवर.

“शंभू...”

“मध्यावर आहे. हलला नाही. अजून मध्यावर.” त्याचा आवाज वर चढत होता, काटा नाही. “त्या जाळीची एकेक पात घासली आहे मी. काय बिशाद आहे त्याची!”

चढण संपली. वरून वारा आला आणि दोन्ही खिडक्यांतून आरपार गेला. मी हॉर्न वाजवला, उगाचच, लांब. समोरून येणाऱ्या ट्रकानंही वाजवला. आम्ही दोघेही हसत होतो, आणि हसता हसता मला त्याची बॅग आरशात दिसली.

पत्रादेवीच्या नाक्यावर शिपायानं हात केला. “खंय गो चललें?”

“सीमोल्लंघनाक!”

“परत केन्ना?”

“आत्ताच!”

त्यानं हसून आडवा बांबू वर केला. गोवा मागे राहिला. पलीकडे शंभरेक मीटरवर आपट्याचं झाड होतं. मी गाडी कडेला घेतली, पण इंजिन बंद केलं नाही. एवढं धैर्य नव्हतं. शंभूनं पुढच्या चाकाजवळ नारळ फोडला. मी फांदी तोडली. गाडी मागे उभी राहून गुणगुणत होती.

“जिंकलात,” तो म्हणाला. “गाडी तुमची.”

“अजून परत जायचं आहे.”

“ती जाईल हो.” त्यानं मागचं दार उघडलं. बॅगेला हात घातला. नाक्याकडून लाल एस. टी. येत होती. त्यानं दुसरा हात वर केला आणि ती करकरत आमच्या मागे थांबली. “सोनं तरी द्या. दसरा आहे.”

मी फांदीवरून एक पान खुडलं. सोनं देताना काय म्हणायचं ते लहानपणापासून पाठ आहे – सोनं घ्या, सोन्यासारखे राहा. आमच्या भाषेत, सोनें घेयात, सोन्यासारके रावात. मी पान पुढे केलं.

“सोनें घे,” मी म्हटलं.

आणि पुढचे शब्द अडले. म्हणजे एक अडला. दुसरा आला.

“राव.”

त्याचा हात बॅगेवरच होता. “सोन्यासारखं राहिलं मध्ये.”

“नाही राहिलं. एवढंच होतं.”

“ओ पाहुणं!” कंडक्टरनं दारातून हाक दिली. “येताय का?”

शंभू त्याच्याकडे वळला नाही. “हे कुठलं राव? आमचं की तुमचं?”

“आमचं.”

“म्हणजे थांब.”

“थांबणं आणि राहणं. आमच्याकडे दोन्हीला एकच शब्द आहे.”

“आणि रावात का नाही?”

“घाईत नाही आहे मी आज,” मी म्हटलं. “विचार करून म्हणते आहे.”

पाऊस नव्हता, तरी त्याच्या नाकाच्या शेंड्यावर घामाचा एक थेंब जमला होता. हात मोकळा होता माझा. मी तो पुसला.

“जाऊ दे राव!” कंडक्टर ड्रायव्हरला म्हणाला. “हे काय येत नाहीत.” आणि त्यानं दोनदा घंटी मारली.

बस गेली. बॅग सीटवरच होती. शंभूनं पान शर्टाच्या खिशात ठेवलं, मागचं दार लावलं आणि पुढचं उघडलं.

“साहेबांना काय कारण सांगू?”

“सांग, इंजिनाचं काम आहे. बरीच वर्षं चालेल.”

“मग आता?” तो आत बसला. “सरळ घरी?”

“बाबांनी सांगितलंय, आपल्या चाकांनी परत यायचं. कुठल्या रस्त्यानं, ते नाही सांगितलं.” मी गाडी वळवली. “हरमलला जाऊ. तुला समुद्राचं पाणी दाखवते. पयसच्यान बघायचं.”

“बाल्दी आणली नाही मी,” शंभू म्हणाला.

दुपारी फियाट आमच्या अंगणात शिरली तेव्हा बाबा ओट्यावर उभेच होते. त्यांनी आधी बॉनेटवर तळवा ठेवून बघितला. मग आपट्याची फांदी बघितली, मागच्या सीटवरची बॅग बघितली, बॅगेच्या मालकाच्या चपलांना लागलेली हरमलची रेती बघितली. स्वयंपाकघरातून आईनं आणखी एक पान मांडल्याचा आवाज आला. बाबांनी खिडकीतून वाकून किलोमीटरचा काटा वाचला.

पत्रादेवीला जाऊन यायला सव्वीस किलोमीटर होतात. काट्यावर सत्तावन्न वाढले होते.